इतर म्हणजे नऊ

लाखोळीचा दाणा चेपलेला असतो,
झिजलेल्या दाढेसारखा.
शंभर दाणे मोजायचे, तोलायचे,
परत शंभर.
एका तोलावर भरवसा ठेवू नये, असं नान्हे सर म्हणतात.

धान उभं असतानाच चिखलात फेकतात हे बी.
नांगर नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही.
धान कापून नेलं की खुंटांच्या मधून
आपलं आपण वर येतं.

साकोलीपुढं डांबर संपतं तिथून
मी सतरा गावं फिरले,
खाकी पाकिटं, शिसपेन्सिल, एक छापील तक्ता घेऊन.
फुलाचा रंग: निळा एक, गुलाबी दोन, पांढरा तीन,
इतर म्हणजे नऊ.
चार ते आठ कुठं गेले, कुणालाच माहीत नव्हतं.

भागरताबाई हत्तीमारेंनी सुपात बी ओतलं.
"हे आमची लाखोरी."
लाखोळी, मी लिहिता लिहिता म्हटलं.
"तुमची असंल लाखोळी."
फुलाचा रंग?
त्या सुपाकडेच बघत राहिल्या.
"सकारी एक रायते, दुपारी एक.
बोडीच्या पारीवरची त अशी, जांभूर धुतल्या पान्यावानी."
मी नऊ लिहिलं.

करडे, तपकिरी, ठिपक्यांचे,
आणि काळेभोर सात.
हे वेगवेगळं का नाही ठेवत, मी विचारलं.
त्या हसल्या. "निवडाले कोनाले सवड हाये बाई?
मी त सारं एकाच डब्यात टाकून देतो."

(आमच्या अहवालात पुढं हे वाक्य आलं:
स्थानिक महिलांनी जाणीवपूर्वक जपलेली विविधता.
टाइप मीच केलं.)

ओसरीवर त्यांचे सासरे,
दोन्ही पाय कात्रीसारखे एकात एक,
बाजूला बांबूची काठी, धरून धरून तेलकट झालेली.
एका सालात धान बुडालं, तेव्हा चार महिने
घरात हेच शिजलं होतं. बाकीचे उठले.
मी त्यांच्याकडे बघणं टाळलं,
मग बघितलं.
ते म्हणाले, "वडे खाऊन जा. पानी उकरून फेकलं हाये."
मी तीन खाल्ले. चौथा मागून घेतला.

प्रयोगशाळेत पानं ठेचली,
जेलवर पट्ट्या आल्या, अंधूक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.
संगणकानं सगळ्या पाकिटांचं एक झाड काढलं.
शेजारशेजारची गावं लांबच्या फांद्यांवर,
आणि एकेचाळीस नंबर, भागरताबाईंचा डबा,
थेट वैनगंगेपलीकडच्या एका पाकिटाला चिकटलेला.
नान्हे सर म्हणाले, नमुने मिसळले तुमच्याकडून.
मी फोन लावला.
"ते गाव? माझ्या मोठ्या बहिनीचं.
तिच्या लग्नात आईनं ओटीत बांधून देलं होतं. माझ्याई."
सरांनी झाडाकडे पुन्हा एकदा पाहिलं
आणि चहा सांगितला.

विष मोजायला दाणा दळावा लागतो.
सातांतले तीन काळे मी दळले,
आणि त्या चिमूटभर पिठात विष
आजवर मोजलेल्या सगळ्यांहून कमी निघालं, निम्म्याहूनही कमी.
त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले.
उरले चार. शंभरांचं वजन, रकाना रिकामा.

मार्चात परत गेले.
डबा त्यांनी माझ्यासमोर पालथा केला.
"काळे? सरले बाई. पावने आले होते."

चार पेरले कुंड्यांत, तीन उगवले,
एकाला मर लागली, एक शेळीनं खाल्लं,
प्रयोगशाळेच्या आवारात शेळी कशी आली
याची चौकशी चालू आहे.

एक आहे. काल फुललं.
सहा वाजता पाहिलं तेव्हा निळं होतं,
तक्त्यात एक लिहिलं.
तीन वाजता खोडलं.
आत्ता साडेपाच झालेत. शिपाई कुलूप घेऊन उभा आहे,
आणि मी त्याला म्हणते आहे,
थांबा हो, जरा उजेड असेस्तोवर.